सेल्फ फिरतो, गाडी चालू होत नाही

आष्टी, ता. परतूर
१० सप्टेंबर २०२४

ती. नानांना,

शीतलचा नमस्कार. पत्र फाडायच्या आधी चार ओळी वाचा. गाडीचं काम आहे.

फोन तुम्ही उचलत नाही. चार वर्षं होत आली, आता मीही लावायचं सोडलं. माझं लग्न झालं त्या आठवड्यात तुम्ही भावकीसमोर बेलभंडारा उचललात, की शीतलशी तोंडातून शब्द काढणार नाही आणि तिच्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही. हे मला दुसऱ्यांकडून कळलं. मी त्यावर पुष्कळ विचार केला. शपथ तोंडाची आहे आणि पायाची आहे, हाताची नाही. पत्राला हातच लागतो. शिवाय मला लेक म्हणून उत्तर देऊच नका. टेंभुर्णीच्या कचरू मिस्त्रीकडे अख्ख्या जाफ्राबाद तालुक्यातून बंद गाड्या येतात, त्यातलीच ही एक समजा.

दोन वर्षांपूर्वी आम्ही एक जुनी पिकअप घेतली. आष्टीच्या आसपासच्या शेतकऱ्यांची मोसंबी जालन्याच्या मार्केटला नेतो. चालवते मीच. भूषण शाळेत शिकवतात. गावात सगळे त्यांना सर म्हणतात, म्हणून मीही सरच म्हणते. गाडीतलं सरांना चावी कुठं लावायची एवढंच कळतं.

रविवारी सकाळी सेल्फ मारला. सेल्फ जोरात फिरतो, इंजिन फिरतं, पण गाडी चालू होत नाही. आदल्या दिवशी ठणठणीत होती. परतूरहून एक मिस्त्री आणला. त्याने बॉनेट उघडलं, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "पंप गेला ताई. उतरून जालन्याला धाडावा लागंन." मला काही ते पटलं नाही. चालती गाडी एका रात्रीत उभ्या उभ्या पंप कसा घालवेल? तुम्हीच सांगायचात, गाडीला हात लावायच्या आधी तिला विचारावं. मी विचारून राह्यले, पण मला उत्तर कळेना. इकडे झाडावर मोसंबी पिवळी पडायला लागली आहे आणि शेतकरी रोज दारात येतात.

एक गोष्ट एकदाच लिहिते, म्हणजे पुन्हा लिहायला नको. मला तुमचा आवाज ऐकायचा आहे. पुढच्या पत्रांत फक्त गाडीचं लिहीन.

शीतल


टेंभुर्णी
१६ सप्टेंबर २०२४

आष्टीच्या गाडीमालकास,

पत्र मिळालं. पोस्टमनने गॅरेजमध्ये चार माणसांसमोर "नाना, लेकीचं पत्र!" अशी आरोळी ठोकली. मी म्हणालो, "गिऱ्हाइकाचं हाय." हे उत्तरही गिऱ्हाइकालाच आहे.

गाडीचा नंबर, मॉडेल, साल, काहीही कळवलेलं नाही. आजारी माणसाचं नाव-वय न सांगता औषध मागण्यातला हा प्रकार झाला. पुढच्या पत्रात कळवावं.

तोवर एवढं बघावं. सेल्फ मारताना एकाने मागे सायलेन्सरपाशी उभं राहावं. पांढरा धूर येत असेल तर डिझेल इंजिनात जातं आहे, पण पेटत नाही. धूरच येत नसेल तर डिझेल तिथवर पोहोचतच नाही. अर्धा आजार ह्या एका गोष्टीवरून कळतो. टाकीत डिझेल आहे का ते काठी घालून बघावं, काट्यावर भरवसा ठेवू नये. हसण्यासारखं काही नाही. मागच्या उन्हाळ्यात एक मोठा माणूस कोरड्या टाकीची गाडी ट्रॅक्टरला बांधून माझ्याकडे घेऊन आल्ता. मग फिल्टरजवळचा छोटा पंप अंगठ्याने दाबून बघावा. तो कडक होतो की लिबलिबीत राहतो ते कळवावं. लाइनीत हवा धरली असेल तर वरचा स्क्रू ढिला करून बुडबुडे संपेपर्यंत पंप मारत राहावं. हे सांगायची तशी गरज नसावी. तू बारा वर्षांची असताना डोळे मिटून हवा काढायचीस.

गाडी बंद पडायच्या आदल्या दिवशी तिला कोणी हात लावला होता, तेही कळवावं. सेल्फ एका दमात दहा मोजेपर्यंतच मारावा, मध्ये त्याला दम खाऊ द्यावा. परतूरच्या मिस्त्रीला पंपाला हात लावू देऊ नये. पंप उतरवायला सोपा असतो, म्हणून लोक उतरवतात.

आणि माझ्या शपथेचा अर्थ लावायचं काम माझं आहे, दुसऱ्या कोणाचं नाही.

कचरू मिस्त्री

ता. क. तब्येत बरी असेल.


आष्टी
२० सप्टेंबर २०२४

ती. नाना,

गिऱ्हाईक शीतलचा नमस्कार. तब्येत बरी आहे. तुमची कळवावी.

सायलेन्सरपाशी सासूबाईंना उभं केलं. आमच्या कौसल्याबाई कोणतंही काम अर्धं करत नाहीत. त्यांनी सायलेन्सरला नाक लावलं आणि सांगितलं, "धूर न्हाई, वास बी न्हाई." टाकीत काठी घातली, ती वीतभर ओली निघाली. फिल्टरजवळचा पंप चार दाबांत कडक होतो. तरी हवा काढली. नंतर तुम्ही न सांगितलेलं एक काम केलं. इंजिनाकडे जाणाऱ्या एका नळीचा नट ढिला करून सरांना सेल्फ मारायला सांगितला. तिथं डिझेलचा थेंबही आला नाही. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंत डिझेल येतं आणि पंपाच्या पुढे जात नाही. मग परतूरचा मिस्त्री म्हणतो तेच खरं का? मला ते खरं असायला नको आहे.

आदल्या दिवशी कोणी हात लावला नव्हता. वाटूर फाट्याजवळ पंक्चर झाली होती तेवढीच. मी रस्त्यात उभी राहून मागून येणाऱ्या गाड्या थांबवत होते आणि सरांनी स्टेपनी टाकली. पाऊण तास लागला. नट घट्ट झाले होते असं त्यांचं म्हणणं आहे. पण तिथून घरापर्यंत गाडी चांगली आली, दारात मी स्वतः बंद केली.

फक्त गाडीचं लिहीन म्हणाले होते, पण एक राहवत नाही. हवा काढताना हाताला डिझेल लागलं, ते धुवायला कपड्याचा साबण घेतला आणि एकदम तुमचा वास आला. संध्याकाळी गॅरेज बंद करताना तुम्ही हात धुवायचात, तेव्हा यायचा तोच. आई गेल्यानंतर मला सगळ्यात ओळखीचा वास तो एकच होता. मी नळ चालू ठेवून तशीच उभी राहिले. सासूबाईंनी विचारलं, "डोळ्यात गेलं का गं काही?" मी हो म्हणाले.

शीतल

ता. क. नंबर लिहायचा राहिलाच. पोस्ट बंद व्हायची वेळ झाली आहे.


टेंभुर्णी
२५ सप्टेंबर २०२४

शीतल,

नंबर दुसऱ्यांदा राहिला. चोरीची गाडी घेतलीत काय?

नट ढिला करून बघितलास हे चांगलं केलंस. त्यामुळे माझं एक पत्र लिहायचं वाचलं. पंप गेलेला नाही असं मला वाटतं. पंपाच्या डोक्यावर अंगठ्याएवढी एक वस्तू बसवलेली असते, तिच्यात एकच वायर जाते. चावी फिरवली की तिला करंट मिळतो, ती आतल्या आत टक् करते आणि डिझेलची वाट उघडते. करंट नाही मिळाला तर वाट बंद. मग सेल्फ दिवसभर मारत बसा, गाडी चालू होणार नाही. ही टक् होते की नाही ते ऐकायला हवं. तुला ऐकू येईल, पण तुझ्या ऐकण्यावर मी निकाल देणार नाही. मला माझ्या कानाने ऐकायचं आहे.

६ तारखेच्या रविवारी सकाळी दहाला फोन लाव, मी उचलीन. मी बोलणार नाही. तूही माझ्याशी बोलायचं नाही, बोललीस तर ठेवून देईन. चावी दुसऱ्याला फिरवायला सांग आणि तू फोन पंपाजवळ धर. मी टेबलावर पान्हा वाजवीन. एक ठोका म्हणजे पुन्हा मारा, दोन ठोके म्हणजे पुरे. गॅरेजात इंजिनाच्या आवाजात काही ऐकू यायचं नाही तेव्हा आपण करायचो तसंच.

कारभारीला पत्रांचा सुगावा लागला आहे. काल येऊन म्हणाला, "दादा, भंडारा उचल्लाय तुमी. लोक काय म्हणतीन?" मी म्हणालो, "गाडी बंद हाय बाबा, मी काय करू?" धाकटा भाऊ असून मला पोलिसासारखा वाटायला लागला आहे.

माझी तब्येत बरी आहे. गुडघा कुरकुरतो.

नाना


टेंभुर्णी
७ ऑक्टोबर २०२४

चि. शीतल,

काल तू अकरा मिनिटं फोन धरून उभी होतीस. मी आठ वेळा एक ठोका वाजवला. तुझे सर मागून म्हणत होते, "आता बॅटरी बसंन." बराबर म्हणत होते. पहिल्याच वेळी टक् झाली नाही हे मला कळलं होतं आणि गाडीचं काम तिथंच संपलं होतं. नंतरचे ठोके मी गाडीसाठी वाजवले नाहीत. प्रत्येक वेळी तू म्हणायचीस, "मारा. बस्स, थांबा. सेल्फला दम खाऊ द्या." ते ऐकायला वाजवले. तुझा आवाज थोडा जाड झाला आहे. की फोनमध्ये तसा वाटतो?

तुझ्या सासूबाईंनी विचारलं, "कोण हाय गं फोनवर?" तू म्हणालीस, "गॅरेजवाले हायेत." मीच तसं ठरवलं होतं, तुझी काही चूक नाही. तरी ते ऐकून दोन ठोके वाजवायला मला बराच वेळ लागला.

आता दुसरी गोष्ट. तो सेल्फ मी ओळखला. जालन्याच्या भंगारातून दुसऱ्याच गाडीचा आणून मी बसवला होता, थांबताना तो कुई करतो. जिल्ह्यात तसा दुसरा नसेल. नंबर का लिहीत नव्हतीस तेही कळलं. ती आपली गाडी आहे.

तर आता असं कर. ड्रायव्हरच्या सीटखाली जॅक ठेवायचा खण आहे. जॅक बाहेर काढ आणि हात आत घाल. वरच्या पत्र्याला, डाव्या अंगाला बोटाला एक खटका लागेल. तो चोर स्विच आहे. पंपाच्या डोक्यावर जाणारी वायर मी त्याच्यातून फिरवून घेतली आहे. पंक्चरच्या दिवशी तुझ्या सरांनी जॅक उलटा कोंबला असणार. घरी येईपर्यंत काही झालं नाही, पण तू गाडी बंद केल्यावर कोणी सीटवर बसलं किंवा उतरलं असेल, तेव्हा जॅक सरकून खटका पडला. तो वर कर, गाडी चालू होईल. पंप चांगला आहे.

इथं सही करून पत्र संपवलं तरी चाललं असतं. सकाळपासून दोनदा तसं केलं आणि दोनदा कागद फाडला.

तू विचारशील, आपल्या गाडीला चोर स्विच कधी होता? नव्हता. तू गेलीस त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी बसवला. तुझी पिशवी भरून पलंगाखाली ठेवलेली मी पाहिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला तू सेल्फ मारलास तेव्हा मी बाजेवर डोळे मिटून पडलो होतो. जागा होतो. मी मोजत होतो. सात वेळा मारलास. मी मनात म्हणत होतो, आता कंटाळेल, घरात येईल, चहा टाकेल, मग बघू काय बोलायचं ते. आठव्यांदा आवाज आला नाही. फाटकाची कडी वाजली. बऱ्याच वेळाने मी चप्पल घालून बाहेर आलो, तोवर सातची एसटी गेल्ती.

त्यानंतर ती गाडी दारात बघवेना. महिन्याच्या आत विकली. घेणाऱ्याला खटक्याचं सांगितलं नाही. सांगायला गेलो असतो तर का बसवला तेही सांगावं लागलं असतं.

तुझे सर टेंभुर्णीच्या शाळेवर होते तेव्हा दर महिन्याला बंद मोटरसायकल ढकलत गॅरेजवर यायचे. ती बिघडलेली नसायची हे मला दुसऱ्याच महिन्यात कळलं होतं. पोरगा चांगला आहे हेही कळलं होतं. पुढे भावकी बसली, तुझ्या सरांची जात निघाली, नको ते बोलणं झालं. मी त्यातलं काही बोललो नाही, असं चार वर्षं मी स्वतःला सांगत आलो. पण मी त्यांना गप्प करायला हवं होतं, तेही केलं नाही. कारभारीने भंडाऱ्याचं ताट पुढे केलं आणि मी उचलला.

नाना


आष्टी
११ ऑक्टोबर २०२४

ती. नाना,

गाडी पहिल्याच सेल्फला चालू झाली. सर इतके खूश झाले की त्यांनी गल्लीत साखर वाटली. जॅक उलटा त्यांनीच ठेवला होता हे त्यांनी अजून कबूल केलेलं नाही. काल दोन खेपा मोसंबी गेली.

रस्त्यात गाडी बाजूला लावून तुमचं पत्र मी पुन्हा वाचलं आणि मला तुमचा राग आला. मी घर सोडलं तेव्हाही इतका आला नव्हता. तुम्ही खरंच जागे होतात. तुम्ही मोजत होतात. नाना, मग तुम्ही उठलात का नाही?

आता माझंही ऐका, हे मी सरांनाही कधी सांगितलेलं नाही. आपल्या घरापासून एसटी स्टँड दहा मिनिटांवर आहे. माझ्या हातात एक पिशवी होती. मला गाडी कशाला लागत होती? तुमची पोटापाण्याची गाडी घेऊन पळून जाईन, अशी वाटले का मी तुम्हाला? मी सेल्फ मारत होते ते तुम्ही उठावं म्हणून. गाढ झोपेतही गाडीचा आवाज आला की तुम्ही बाहेर येता, हे मला लहानपणापासून माहीत होतं. चालू झाली असती तर मी लगेच बंद केली असती. मी ठरवलं होतं, नाना बाहेर आले आणि त्यांनी नुसतं "कुठं चालली गं?" विचारलं, तरी सगळं सांगायचं. थांब म्हणाले तर थांबायचं, सरांना निरोप पाठवायचा की महिनाभर थांबा, मी नानांना समजावते. गाडी चालू होत नव्हती, त्याचं मला काही नव्हतं. मी दाराकडे बघत होते. सात वेळा मारला. दार उघडलं नाही. मला वाटलं, नाना जागे आहेत आणि मी गेले तर त्यांना चालणार आहे.

ही चार वर्षं मी असंच समजून काढली. सरांनी मला काही कमी पडू दिलं नाही आणि सासूबाईंनी सून म्हणून कधी वागवलं नाही, लेकीसारखं रागावतात. पण सण आला की माझं जेवणात लक्ष नसायचं. मी तुम्हाला नकोशी झाले, हे मनातून जायचं नाही.

आता पत्रं पुरेत. तुम्ही या. रस्त्यात नाही, मार्केटमध्ये नाही, माझ्या घरात या. सासूबाई पाणी देतील ते प्या. सरांना त्यांच्या पूर्ण नावाने हाक मारा, ते नाव कसं उच्चारायचं तुम्हाला चांगलं येतं. आणि माझ्याशी बोला. ह्याहून कमी मला नको. मी लपून-छपून टेंभुर्णीला येणार नाही. ज्या माणसांना तुमची भावकी नाही नाही ते बोलली, ती माझी माणसं आहेत. शपथेचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. तिचा अर्थ लावायचं काम तुमचं आहे, असं तुम्हीच लिहिलंत.

शीतल


आष्टी
९ नोव्हेंबर २०२४

ती. नाना,

दिवाळी झाली. महिना होत आला, तुमचं उत्तर नाही. पोस्टमन गल्लीत आला की मी कामात असल्यासारखं दाखवते. सासूबाई दारात जाऊन बघून येतात आणि न विचारता सांगतात, "आज न्हाई आलं." एकदा फोन लावला. वाजत राहिला. तुमची तब्येत बिघडली असेल तर कोणाकडून तरी कळवा. बाकी काही नको.

मागच्या पत्रातलं मी काही परत घेत नाही. पण रागात एक लिहायचं राहून गेलं, ते लिहिते.

ही गाडी मला जालन्याच्या मार्केटमध्ये दिसली. मागच्या फाळक्यावर मी रंगवलेलं आईचं नाव होतं, 'चतुरा', अर्धं खरवडलेलं. सर म्हणाले, "आधी इंजिन बघून घे, तुला कळतं." मी बॉनेट उघडलंसुद्धा नाही. आत जाऊन बसले. स्टिअरिंगवर डाव्या बाजूला तुमचा अंगठा असायचा, तिथलं रबर झिजून गुळगुळीत झालं आहे. मी तिथं अंगठा ठेवला आणि सरांना म्हणाले, हीच घेऊ. रोज जालन्याला जाते-येते ती अंगठा तिथंच ठेवून. तुम्ही नाही आलात तरी तेवढं माझ्याकडे राहणार आहे, पण नाना, तेवढ्याने भागत नाही.

शीतल


टेंभुर्णी
२५ नोव्हेंबर २०२४

चि. शीतल,

तब्येत बरी आहे. घाबरू नकोस. मी येऊन गेलो.

दिवाळीनंतर चौथ्या दिवशी आष्टीला आलो होतो, कोणाला न सांगता. तुझं घर विचारत निघालो तर रस्त्यातच गाडी उभी दिसली आणि शेजारी तू. क्रेट भरून राह्यली होतीस. तुझ्या सासूबाई पुढच्या सीटवर पाय वर घेऊन बसल्या होत्या. तू हमालाला ओरडलीस, "दाबू नका हो, खालचं फळ फुटंन." मी चहाच्या टपरीला लागून उभा होतो, आपल्यात दहा पावलंही नव्हती. मी पुढे झालो. तोंड उघडलं. शब्द निघाला नाही. तू वळायच्या आत मी मागे फिरलो.

परतूरला रेल्वे स्टेशनवर येऊन बसलो. दोन गाड्या गेल्या, मी उठलो नाही. तिथं बसून एक गोष्ट कळली, ती तुला सांगायची आहे. टपरीपाशी उभा होतो तेव्हा मला शपथ आठवलीच नव्हती. देव आठवला नाही, भंडारा आठवला नाही, भावकीतला एकही माणूस आठवला नाही. मला फक्त लाज वाटत होती. लेकीच्या वाटेत खटका बसवून बाजेवर पडून राहणाऱ्या माणसाने तिला काय तोंड दाखवायचं? चार वर्षं मी शपथेचं नाव पुढे करत होतो. कोणी विचारलं की सांगायचो, काय करू, भंडारा उचलला आहे. लोकांना पटायचं, मलाही पटायचं. शपथ नसती तर दुसरं काही तरी शोधलं असतं, पण आलो नसतो.

म्हणून तुझ्या पत्राचं उत्तर लिहिलं नाही. गाडीचं लिहिता येतं. हे कसं लिहायचं कळत नव्हतं. तुझं ९ तारखेचं पत्र आलं, तेव्हा खिशात ठेवून गॅरेजला कुलूप लावलं आणि दोन दिवस उघडलं नाही. पोरी, तू मला एक दिवसही नकोशी झाली नव्हतीस. त्या सकाळपासून आजपर्यंत एक दिवसही नाही. फाटक वाजलं की मी अजून बघतो.

काल कारभारीला सांगितलं, मी आष्टीला चाललो. तो म्हणाला, "अन् भंडाऱ्याचं काय?" मी म्हणालो, "देवानं विचारलं तं देवाला सांगंन. तुला काहून सांगू?" तो रागावून गेला. दुपारी त्याच्या बायकोने तुझ्यासाठी लसणाची चटणी आणून दिली.

येत्या रविवारी, १ डिसेंबरला, सकाळच्या एसटीने निघतो. बुद्धभूषणला सांग की स्टँडवर येऊ नका, घर मी शोधीन. तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग. म्हणावं, शीतलचे वडील येत आहेत, जेवायला थांबतील. त्यांच्याशी जे बोलायचं आहे ते मी हात जोडून बोलेन, त्याची काळजी करू नकोस.

काळजी तुझ्याशी बोलायची आहे. तिथं मला सुरुवात जमत नाही, हे आष्टीत बघून आलो. मी घरात येईन, उभा राहीन आणि कदाचित गप्प राहीन. त्याचा भलता अर्थ लावू नकोस आणि मी बोलायची वाट बघत बसू नकोस. त्या सकाळी आपण दोघं एकमेकांची वाट बघत राहिलो. आता मला तेवढी वर्षं नाहीत.

पहिलं तू बोल. काहीही बोल, रागाने बोल. मी उत्तर देईन.

नाना